वीतभर खाली

मे महिन्यात आमच्या नागपुरात पारा पहिल्या पानावर असतो.
पंचेचाळीस पूर्णांक आठ.
शेजारी तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या स्कूटीवाल्या मुली,
दरवर्षी त्याच असाव्यात इतक्या सारख्या.

मी ज्या पाऱ्याचा पगार घेते
त्याचा फोटो निघत नाही.

रायवंता कोसरे मौद्याकडून आली
पिशवीत पसाभर तांदूळ घेऊन,
बसचं तिकीट अजून मुठीत.
म्हणाली, दोन सालामागं राखेचा बांध फुटला,
पानी आमच्या बांधीत घुसलं.
धान तं झालं, मस्त झालं.
पण सून पोटुशी हाये,
तिले खाऊ घालू का नको, तेवढं सांगा.

तांदूळ दळला, आम्लात विरघळवला.
यंत्रानं दुपारभर घरघर करून आकडा दिला.
यंत्र चालतं कोराडीच्या विजेवर.
कोळसा जळून धुराड्यातून जे वर जातं
ते मोजायला वीजही त्याच धुराड्याची.
अहवालात यासाठी रकाना नाही.

"सात पान्यानं धुतला तं जाईन का?"
नाही जात. दाण्याच्या आत बसतो तो.
पॉलिश केला तर थोडा कमी. थोडाच.
मी तिला कागदावर चिखल काढून दाखवला:
पाणी साचून राहतं, खाली हवा पोचत नाही,
तिथले न दिसणारे जीव
पाऱ्याला असं काही रूप देतात
की मुळं त्याला आपला समजून आत घेतात.

ती बराच वेळ त्या चिखलाकडे पाहत राहिली.
"म्हंजे पानी उभं ठेवनंच वाईट?
अन् आमी जलमभर पान्यासाठीच भांडलो."

हातभर पाइप दिला, भोकं पाडलेला.
बांधीत रोव. आतलं पाणी वीतभर खाली गेलं
की मगच पुढचं सोड.
फुलोऱ्यात मात्र सुकू देऊ नको.

रोवण्यानंतर महिनाभरानं बांधीला पहिली भेग पडली.
धुऱ्यावरून दीर ओरडला,
"वैनीनं नागपूरहून नळी आणली अन् नळ बंद केला!"
रात्री त्यानंच गुपचूप पाणी सोडलं, दयेनं.
सकाळी तिनं कुदळीनं धुरा फोडला
आणि मला फोन केला, हसत, दम लागलेला.

दिवाळीनंतर दुसरी पिशवी.
आकडा निम्मा.
मी "निम्मा" म्हटलं, मग राहवलं नाही,
"निम्म्याच्या जरा वर" म्हटलं,
एकाच हंगामाचा आहे, हेही म्हटलं.
ती म्हणाली, नात सात महिन्यांची झाली,
गुरुवारी उष्टावण हाये.
याच तांदळाचा भात देऊ?

दे, म्हटलं.
फोन ठेवला
आणि तोच नमुना पुन्हा यंत्रात लावला.

पिशवीत मूठभर उरला होता.
घरी नेऊन शिजवला, नुसता, मीठ घालून.
ताट वाढलं तेवढ्यात लाइट गेली.
अंधारात पहिला घास बोटांनी चाचपला,
मऊ, गरम,
आणि चवीत काहीच नव्हतं
जे मला ओळखता आलं असतं.