चार की आठ

अलेंतेझूत, एव्होरापासून तासभर आत,
डांबरी रस्ता जिथे कंटाळून मातीचा होतो
तिथे देओलिंदाबाई फाटकाशी उभ्या होत्या.
हाताला पीठ, म्हणून हस्तांदोलनाला कोपर पुढे केलं.

चुन्याचं बैठं घर, पायथ्याशी निळा पट्टा,
विजेच्या खांबावर करकोच्यांचा संसार,
आणि एक ठार बहिरं कुत्रं
ज्याला सगळे तरीही हाका मारतात.

किती दिवस राहणार, कुणी विचारलं नाही.
एकटीच का, हेही नाही.

पहिले दोन दिवस मी झोपले.
झोपले कसली, जुनी उधारी फेडली.
दुपारी लाकडी झडपा ओढल्या की
शिवारच आडवं व्हायचं तिथे,
मेंढ्यासुद्धा, झाडाच्या सावलीत मावतील तेवढ्याच आकाराच्या.

तिसऱ्या दिवशी वास आला आणि मी अनवाणी धावले:
कोथिंबीर!
खलात लसूण, मीठ, कोथिंबीर ठेचत होत्या बाई.
वर कढत पाणी, शिळ्या पावाचे तुकडे,
एक अंडं अलगद सोडलेलं. बास.
गरिबाचं जेवण, असं त्यांनी सांगितलं
एप्रनचा खिसा उलटा करून.
मी दुसऱ्यांदा वाडगा पुढे केला तेव्हा
माझ्याकडे अशा पाहिल्या
जणू नापास होणारी पोर कशीबशी वर गेली.

बेल्मीरू कमी बोलायचे. झाडं दाखवायचे.

आमच्याकडे बुचाचं झाड म्हणजे
पहाटे फुटपाथवर पडलेली लांब देठांची पांढरी फुलं.
हे ते नव्हे. हे बाटलीच्या बुचाचं.
दर नऊ वर्षांनी याची साल उतरवतात,
कुऱ्हाडीने, पण ओला सदरा काढावा तशी,
आणि आतलं खोड दिसतं विटकरी, उघडं,
पाहणाऱ्यालाच थोडी थंडी वाजावी असं.
मग त्यावर पांढऱ्या रंगाने
त्या सालाचा शेवटचा आकडा.
मागून येणाऱ्याला कळावं,
कधीपर्यंत हात लावायचा नाही.

पहिली साल मिळते पंचविसाव्या वर्षी, तीही खडबडीत.
चांगली, तिसऱ्या खेपेला.
मी बोटांवर हिशेब केला. बोटं संपली.
हे कुणी लावलं?
आव्हो, म्हणाले. आजोबा.
आणि पुढे कोण?
त्यांनी लिस्बनच्या दिशेला हनुवटी उडवली:
नात. टेलिफोन कंपनीत.

निघायच्या आदल्या संध्याकाळी
एका नव्या सोललेल्या झाडापाशी ब्रश माझ्या हाती दिला.
साल दोन हजार चोवीस. चार काढ.

आणि माझ्या हाताने, मला न विचारता,
आपला चार काढला.
वर उघडा, खाली गाठ मारलेला,
पहिलीत पाटी फुटेस्तोवर गिरवलेला.

बेल्मीरूंनी डोकं तिरकं केलं. ओइतू? आठ?
नाही, नाही, क्वात्रू! मी चार बोटं नाचवली.
त्यांनी टोपी मागे सारून पुन्हा पाहिलं.
खरंच, त्यांच्या आठाचं झाकण
कुणी लावायला विसरलं असावं, तसा दिसत होता तो.

मी चिंधी शोधू लागले. रंग ओलाच होता.
त्यांनी मनगट धरलं माझं.
पुटपुटत मोजलं: चाराचं झाड तेहतीस साली सोलतील.
आठाचं, सदतीस.
मग दोन्ही तळवे जोडून गालाखाली घेतले,
डोळे मिटले,
आणि त्या उघड्या खोडाशेजारी म्हातारा
उभ्या उभ्या क्षणभर घोरला.
झोपू दे.

सकाळी बाईंनी फडक्यात पाव बांधून दिला.
कुत्र्याला हाक मारली मी. सवय लागली होती.
बसमध्ये पाहिलं तर नखाखाली पांढरा रंग.

तेहतीस सालच्या उन्हाळ्यात
कुणीतरी कुऱ्हाड खांद्यावर घेऊन येईल,
डोकं तिरकं करील,
आणि पुढच्या झाडाकडे जाईल.