तुयासंग किती जन होते

बुटीबोरीच्या गेटवर मशीननं माझा अंगठा घेतला नाही.
तीनदा पुसला ओढणीला, चौथ्यांदा थुंकी लावून.
साबणाच्या पुड्या भरून भरून रेषाच गेल्यात.
आठ तास उभी होते,
रजिस्टरात चारच.

सुपरवायझर म्हणाला, ठेकेदाराला विचार.
ठेकेदार बसतो जाटतरोडीत, पहिल्या मजल्यावर,
जिथे आधी युनियनची खोली होती.
बोर्ड काढला, स्क्रूची चार भोकं तशीच आहेत.
ह्याच भिंतीला टेकून बाबा पावत्या फाडायचे,
दोन रुपये महिना, खाली निळा कार्बन,
आणि घरी आले की त्यांचे ठसे
पोह्यांच्या प्लेटीवर, माझ्या वहीवर,
एकदा तर आईच्या नव्या पातळावर.

ठेकेदार वाईट माणूस नाही.
कूलर माझ्याकडे वळवला, पाणी दिलं.
मग म्हणाला, "ताई, तुमचं एकटीचंच असं होते.
बाकी कोणाची तक्रार नाही."
खरंच होतं.
बाकी कोणी आलंच नव्हतं.

रात्री बाबांना सांगितलं. एकाच कानानं ऐकतात.
किती कापले, ते विचारलं नाही.
"तुयासंग किती जन होते?"
मी म्हटलं, अकरा.
"मंग देते तो," म्हणाले
आणि कुशीवर वळले.

अकरा.
लाइट बंद करून मोजायला घेतलं.
पॅकिंगला आम्ही चाळीस बाया,
दर दोन महिन्यांनी लाइन बदलते, जॅकेटही.
सत्तावीस नंबर खोकते.
बावीसच्या डब्यात कायम वांगं.
नऊ नंबर जेवताना चप्पल काढून
पाय थंड फरशीवर ठेवते.
नावं?
एकीचंही नाही.

सकाळी बसमध्ये, मानेवाड्यापासून, विचारत गेले.
सत्तावीस म्हणजे फुलवंता हेडाऊ.
बावीस, शमीम.
नऊ, सुगरती उईके, शिवनीकडची,
नाव सांगून स्वतःच हसली,
कितीक दिवसांनी कोणी विचारलं म्हणून.
चौथी म्हणाली, "कायले पायजे नाव?"
आणि खिडकीबाहेर पाहत बसली.

गेट आलं. रांगेत माझ्यापुढे फुलवंता.
तिनं अंगठा ठेवला.
मशीन काही बोललं नाही.
ती पदराला पुसू लागली, एकदा, दोनदा.
मी तिथेच उभी.
मागून चौथी ओरडली,
"सरका ना वो पुढे."