अकरा नंबरचं कडं

सैकच्या पठारावर मी चोवीस कडी ठोकलीत मातीत.
पीव्हीसीची. रुवीतल्या प्लंबिंगच्या दुकानातून
बाबांनी घासाघीस करून आणलेल्या पाइपाची.
बारा कुंपणाच्या आत, जिथं आम्ही बी पेरलं,
बारा बाहेर, जिथं शेळ्या चरतात
आणि गवत म्हणजे दगडाची न केलेली दाढी.

दर तीन तासांनी कड्यावर डबा पालथा घालायचा,
रबर दाबायचं, घड्याळ लावायचं,
आणि वारा जिकडं जातो त्या बाजूला सरकायचं,
माझा श्वास तिच्या श्वासात मिसळू नये म्हणून.

पहाटेच्या फेरीला सुलैम येतो, कंदील घेऊन.
मत्राहच्या बाजारात शिकलेल्या हिंदीत विचारतो,
‘बेटी, मिट्टी को बुखार है क्या?’
पहिल्या महिन्यात मलाही तसंच वाटलं होतं.
कुंपणातली माती रात्री
बाहेरच्या मातीच्या दुप्पट सोडत होती.
सेन्सर तपासला, नळ्या बदलल्या,
शेवटी एक ढेकूळ फोडलं :
आत केसांसारखी मुळंच मुळं.
उजाड माती बिचारी कशाला दमेल?

बाबा वाळवंटात, तेलविहिरींवर. एकवीस वर्षं.
तिथं एक ज्योत आहे, ती विझत नाही.
करू नये तो हिशेब मी एकदा केला :
माझं कुंपण वर्षभरात जेवढं गिळेल
तेवढं तिथं चहाला उकळी येईस्तोवर जळतं.
फोनवर सांगून टाकलं.
ते ‘हं’ म्हणाले. मग, ‘जेवलीस का?’
पुढच्या सुट्टीत पाइप कापून दिला त्यांनी,
चोवीस तुकडे,
प्रत्येकाची कड पॉलिशपेपरनं घासलेली.
हाताला लागू नये म्हणून, म्हणाले.

मार्चमध्ये अकरा नंबर गायब झालं.
शेळ्यांवर आळ घेतला. लांडग्यावरही, जो इथं
मी अजून पाहिलेला नाही.
सापडलं सुलैमच्या परसात :
शम्सानं डाळिंबाच्या रोपाला आळं केलं होतं त्याचं,
माझ्याच मार्करचे आकडे, उलटे, पाण्यानं फिकट.
ती ओशाळली. मीही, का कोण जाणे.

सरांना कळवलं : अकरा वगळावं लागेल.
संध्याकाळी तरी डबा घेऊन गेले.
रोप आत मावेना, शेंडा वाकवून बसवला,
चार मिनिटं आम्ही दोघी
वाऱ्याच्या त्या बाजूला उभ्या, गप्प.
आकडा आला. वहीत कुठं लिहायचा, सुचेना.
मागच्या पुठ्ठ्यावर लिहिला,
वाण्याच्या उधारीखाली.