हललेली माणसं

तांबट फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा
निशिकांत तांबटांनी काचा मोजून दिल्या. दोनशे अकरा,
त्यांत चार तडकलेल्या, एक कोरी.
खोकी सिन्नरच्या बिडीची, वास अजून पुठ्ठ्याला.
स्कॅन करा सावकाश, घाई नाही, म्हणाले,
आणि दर दोन दिवसांनी फोन करत राहिले.

काच उजेडावर धरली की गाव उलटं.
आभाळ काळं,
काळाराम पांढराशुभ्र.
मी कळ दाबते, मग सुलट होतं.

पहिल्या खोक्यात गंगा.
आम्ही गंगाच म्हणतो; गोदावरी भूगोलाच्या पेपरात.
पाणी सगळ्या काचांत दुधासारखं,
लाट नाही, भोवरा नाही.
निशिकांत सांगतात, काचा स्वस्तातल्या, मंद;
आजोबा सकाळच्या उजेडात टोपण काढून
मनात अकरा अंक मोजायचे.
तेवढ्यात जे हललं, ते गेलं.

म्हणून ट्रामच्या फोटोत ट्राम आहे, रूळ आहेत,
पाटीवरचं भाडं वाचता येतं,
घोड्याला डोकं नाही.
माशी हाकलली असणार त्यानं.
म्हणून बुधवारच्या बाजारात
वांगी एकेक मोजून घ्यावीत
आणि गिऱ्हाईक म्हणजे नुसता धूर.
चौदा नंबरला झोपलेलं कुत्रं इतकं स्पष्ट
की कानावरची गोचीड दिसते.
तपोवनातला एक बैरागी तर तीन काचांत आहे,
त्याला कुठं जायचंच नव्हतं.

सदतीस नंबर.
सांडव्याखाली, परटाच्या दगडापाशी एक बाई.
पावलं पक्की, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं,
ओली पाठ,
आणि खांद्यापासून पुढं धुकं.
हात नाहीत.
पाकिटावर पेन्सिलीनं, सावळाराम तांबटांचं अक्षर:
बिघडलेला. बाई थांबेना.

आम्ही परीट.
पणजीचं नाव भागीरथी होतं की मंजुळा,
यावर घरात अजून दोन मतं.
फोटो एकही नाही.
अकरा अंक थांबायचं
तर सराफांची धोतरं कुणी आपटायची?

तीच असेल असं मी म्हणत नाही.
सांडव्याखाली पंधरा-वीस दगड होते,
प्रत्येकावर कुणाची ना कुणाची पणजी.
तरी ती काच मी दोनदा स्कॅन केली
आणि एकदा उगाच पुसली.

पुढच्या खोक्यांत फिल्म आली, कॅमेरे चपळ झाले,
माणसांना हात फुटले.
सायकली, छत्र्या, पांढऱ्या टोप्या.
मग महापूर: सराफ बाजारात होडी,
दुतोंड्या मारुतीच्या गळ्याला पाणी
आणि पुलावर अख्खं गाव,
पाणी कुठवर आलं ते एकमेकांना सांगत.
मग रंग आले, तेव्हा कळलं पाणी हिरवं आहे.
शेवटच्या पाकिटात कुंभाच्या आधीचा उन्हाळा:
कोरडं पात्र, सिमेंटचा मिक्सर,
एक इंजिनिअर हसतोय.
त्याच्या बुटांखाली कुठंतरी ते दगड.

आज सकाळी स्कूटर लावून घाटावर गेले.
मोबाईलनं एक काढला.
सेकंदाचा हजारावा भाग.
एक बाई चादर पिळत होती;
चादरीतून सुटलेले थेंब हवेत टांगलेले,
मनगटावरचा काळा दोरा,
बोटांना पडलेल्या सुरकुत्या,
सगळं आलं.
पाणी तेवढं आधीपासूनच थांबलेलं.

दुपारी निशिकांतांचा फोन.
बिघडलेल्या काचा वगळा, म्हणाले,
पुस्तकात चांगल्याच जाऊ देत.
मी हो म्हटलं.
मग यादी उघडली.
सदतीस: परटीण, सांडव्याखाली.
शेजारच्या रकान्यातलं ‘बिघडलेला’ खोडलं.
दुसरा शब्द बराच वेळ सुचेना.
शेवटी लिहिलं:
कामात.