हळदीचं बोट

करबाबादला एसीचा कॉल होता.
किल्ल्याच्या अलीकडे, तिसरं घर, हिरवं दार.
आत एसी बंद, आणि हज्जी मक्की
खजुरीच्या ओल्या पात्यांत
कोपरापर्यंत हात सोडून बसलेले.

म्हणाले, मशीन राहू दे. आधी हे बघ,
यातलं लाल कुठलं नि काळं कुठलं?
माझ्या डोळ्यांना आता सगळं एकच.

मी वेगळं केलं.
मंजिष्ठेचं लाल, उकळून उकळून विटेसारखं.
डाळिंबाच्या सालीत गंजलेले खिळे टाकून काढलेलं काळं.
आणि पिवळं. ते कुणी सांगावं लागलं नाही.
सांगलीची असेल, नसेल,
वास तोच.

पातं रात्रभर भिजायला हवं, म्हणाले,
नाहीतर दुमडताना मोडतं.
मी म्हटलं, माझंही घोंगडं भिजतंय,
आठ महिने, कफिलाच्या टेबलावर.
मोडक्या हिंदीत ते पोचलं नाही.
हसले मात्र.

मग विचारलं, बाप काय करायचा?

सोळा वर्षांत इथे कुणी हे विचारलं नव्हतं.
विचारतात ते देश, पगार, व्हिसा कुठला.
फॉर्मवर मी 'शेती' लिहीत आलो.
आमचं शेत म्हणजे दारापुढे रचलेले बांबू
आणि अण्णांचा कोयता.
सुपं, रोवळ्या, रुखवताच्या दुरड्या.
तिरडीचे बांबूही आमच्याकडूनच जायचे,
तेवढ्यापुरती कुणी घासाघीस करत नसे.

बुरूड या शब्दाला अरबी मला येत नाही.
चार पाती उचलली
आणि विणायला लागलो.

वीतभर झाली. हज्जींनी पट्टी घेतली,
अंगठ्यानं वाचली
आणि शांतपणे सगळी उसवली.
'हे पान आहे,' एवढंच म्हणाले,
'याला ओढू नकोस.'

अण्णा असते तर टाळक्यात कामटी बसली असती.

कपॅसिटर गेलं होतं. बदललं.
गार वारा सुटला तसे हज्जी उठले
आणि पाती सुकतील म्हणून
बटण बंद करून आले.

संध्याकाळी कॅम्पवर
हजेरीच्या मशीनला बोट लावलं,
पात्यानं चिरलेलं, पिवळं.
ओळख पटली नाही. पुन्हा ठेवा.
पुन्हा ठेवलं.
मागे रांग वाढली. दस्तगीर म्हणाला,
पुसून लाव की गड्या.

मी दुसऱ्या हाताचं लावलं.