डब्यावरचं नाव

आमच्या गिरणीत रांग माणसांची नसते,
डब्यांची असते.
नेरूळ, सेक्टर दहा, गाळा नंबर चार.
माणसं डबा ठेवून भाजीला जातात,
डबा त्यांच्या जागी उभा राहतो,
झाकणावर मार्करनं लिहिलेलं:
पाटणकर बी-७.
ठोंबरे, नाचणी, जाडसर.
उपवासाचं. हात लावू नये.

ती आली ऑगस्टात, डब्याशिवाय.
पिशवीत मका. पिवळा, पॉपकॉर्नचा.
बाबा म्हणाले, हा दळला तर
दगड पुन्हा टाकवून घ्यावे लागतील.
तिला फक्त हललेली मान कळली.

मी तिला ओळखत होते.
आमच्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर,
शेजारची जागा रोज मोकळी.
मलावीहून वर्षभरासाठी आलेली, तियामिके.
माझं नाव तिनं पहिल्याच दिवशी जवळजवळ बरोबर घेतलं,
न्यानदा, एवढा एक द सोडून.
मी गिरणीत हसून बोलायचे.
कॉलेजात नाही.
केसांतलं पीठ लपवायची सवय होती मला,
त्यातच बहुधा तीही लपवली जात होती.

बाबांनी वाशीच्या दाणा बाजारातून
पांढरा मका शोधून आणला, दहा किलो.
हमालानं विचारलं, जनावरांना का?
माणसांना, बाबा म्हणाले,
जरा जोरातच.

एकदा दळला. तिनं चिमूट घेतली,
अंगठ्यानं बोटावर घासली, मान हलवली.
दुसऱ्यांदा दळला.
तिसऱ्यांदा दळताना ती म्हणाली, बारीक.
तिचा पहिला मराठी शब्द.
ठोंबरेकाकू, ज्या कुणालाच चांगलं म्हणत नाहीत,
म्हणाल्या, हिला कळतं पिठातलं.

मग एका सोमवारी
केस न झटकता मी कॉलेजात गेले
आणि त्या मोकळ्या जागेवर बसले.
तिनं पाहिलं.
माझ्या कपाळावर फुंकर मारली.
बारीक, म्हणाली.

तिच्या खोलीवर जेवायला गेले तेव्हा
ताटात पांढराशुभ्र गोळा, वाफाळता.
मी म्हटलं, ही तर मोदकाची उकड, सारण कुठंय?
तिनं भाजी वाढली: भोपळ्याची पानं,
आणि वर सढळ हातानं
दाण्याचं कूट.
कूट बघितल्यावर
मला तिला आपल्याकडचं काही समजावून सांगायचं उरलं नाही.

सगळं असं गोडगोड नव्हतं.
घरमालकीण भाडं दोनदा मागायची.
रिक्षावाले थांबायचे, बघायचे, निघून जायचे.
नोंदणीच्या कागदांसाठी पोलीस चौकीत
चार खेपा झाल्या, पाचवीला मी सोबत होते
आणि मलाच लाज वाटत होती.

त्या दिवसांत ती गिरणी चालू असतानाच
आईला फोन लावायची.
पट्ट्याचा खडखडाट, काही ऐकू येत नसणार.
बाहेर जाऊन बोल ना, मी म्हटलं.
ती म्हणाली, मी बोलतच नाही.
आवाज ऐकवते.
आमच्याकडची गिरणीही अशीच ओरडते.

एप्रिलात खाडीवर रोहित पक्षी होते.
सगळा सेक्टर कॅमेरे घेऊन तिकडे.
वर्गातली एक म्हणाली, लिही ना तिच्यावर,
परदेशी पाहुणी, गुलाबी पंख वगैरे.
नाही लिहिलं.
पक्षी दळण आणत नाहीत.

जूनमध्ये ती गेली. विमान पहाटेचं होतं,
आम्ही दोघी झोपलोच नाही, भांडलोही थोडं,
चार्जर कुणाचा यावरून.

तिचा डबा आहे अजून, तिसऱ्या फळीवर.
झाकणावर माझ्याच अक्षरात:
तियामिके. मका. बारीक.
परवा ठोंबरेकाकूंनी विचारलं,
रिकामाच आहे तर मी नेऊ का?
बाबांनी पट्टा बंद केला.
गिऱ्हाइकाचा आहे तो, म्हणाले,
रांगेत आहे.