साडेतीन ग्रॅम

ब्रशची दांडी कापली : साडेतीन ग्रॅम.
सॅकवरचं लेबल उसवलं : दोन.
टायटॅनियमचा चमचा
रविवार पेठेत सराफाकडे तोलून घेतला.
त्याने चष्म्यावरून पाहिलं,
"मोडीत घालायचाय?"

टूथपेस्टचे ठिपके मी गच्चीत वाळवतो.
रेवती म्हणते, याच्याशी लग्न कसं ठरलं माझं,
काही केल्या आठवत नाही.
मी नकाशाच्या कडा कापत होतो.
तोरण्यापलीकडचं जग
तसंही लागणार नव्हतं.

पहाटे स्वारगेट. वेल्ह्याची एसटी लागलेली.
पाठीवर जेमतेम चार किलो,
वाटलं, कुणी विचारावं तरी.
विचारलं नाही.
स्कूटरवरून आल्या त्या घरमालकीण लेलेकाकू :
"विसरलास ना?"
चार पुडांचा स्टीलचा डबा, वर पितळी कडी.
दोन किलो शंभर. हाताला कळतं आता.
नाही म्हणणार कसं,
डिपॉझिट त्यांच्याकडे आहे.

झुंजार माचीवर वारा असा, की
एकशे नव्वद ग्रॅमचं माझं छप्पर
थेट भोरला निघालेलं.
रेवतीने त्याच्या कोपऱ्यावर डबा ठेवला
आणि धपाटे काढायला घेतले.

माझ्या सगळ्या सामानात
वाटेत हलकं होत गेलं
ते तेवढंच.